खाऱ्या जमिनींतील भात

ज्याचें मीठ खावें त्यास जागावें, असें आपण म्हणतों, आणि मिठावांचून आपल्या स्वयंपाकघरांतील एकहि दिवस जात नाहीं. वनस्पतींचा प्रकार याच्या उलट आहे. आपल्या पोटास लागणारीं बहुतेक पिकें मिठाशीं वैर धरून असतात. जें मीठ आपल्या अन्नास रुचि आणतें तेंच प्रमाणाबाहेर झालें असतां भाताच्या कोवळ्या रोपास थोडक्या दिवसांत करपवून टाकतें. असें असतां, उधाणाच्या पाण्याहून खालच्या पातळीवर असलेल्या कोंकणपट्टींतील शेतांत पिढ्यान्‌पिढ्या भात पिकत आलें, हें कसें? आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं आजोबा-पणजोबांच्या तोंडीं ‘खारांतलें शेत’ हे शब्द ऐकले असतील. कोणाचें शेत पेण-अलिबागेकडे, कोणाचें वसई-माहीमकडे. कुळकायद्यानें १ एप्रिल १९५७ नंतर त्यांतील बहुतेक शेतें कसणारांचीं झालीं, आणि जो चिखलांत उभा राहतो त्याचीच जमीन असावी यांत वावगें कांहीं नाहीं. पण जमिनीबरोबर तिच्याविषयींची माहितीहि आपल्या घरांतून निघून गेली, ती मात्र जावयास नको होती.

वसई तालुका खाऱ्या पाण्याच्या मिठींत बसलेला आहे. उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस उल्हास नदीच्या मुखाची वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र. कोरडी बाजू काय ती पूर्वेची, तुंगारेश्वराच्या डोंगराची. वालीव हें गांव या डोंगराच्या अंगास, वसई रोड स्थानकाच्या पूर्वेस आहे. आज वालीवचें नांव घेतलें कीं कारखान्यांचे गाळे, मालमोटारींच्या रांगा आणि मुंबई-अहमदाबाद महामार्ग हींच डोळ्यांपुढें येतात. सन २००९ मध्यें वसई-विरार महानगरपालिका झाली, सन २०१४ मध्यें ठाणें जिल्ह्यांतून पालघर जिल्हा वेगळा निघाला, आणि गांव कागदोपत्रीं शहर झालें. परंतु या बाजूनें खाडीकडे जाऊं लागलें म्हणजे जमीन हळूहळू सखल होत जाते, भरावाच्या मधून मधून भाताचे तुकडे दिसतात, मिठागरें लागतात, आणि जेथें कोणी लक्ष देत नाहीं तेथें तिवरें माजलेलीं आढळतात. डोंगरावरून उतरणारें गोडें पाणी आणि खाडींतून चढणारें खारें पाणी यांच्या झोंबाझोंबीची ही जागा आहे. खाऱ्या जमिनींतील शेतीचें सर्व शास्त्र या झोंबाझोंबींत गोड्या पाण्याचा पक्ष घेण्याचें शास्त्र होय.

मिठानें रोप मरतें तें कशानें, हें पहिल्यानें समजून घेतलें पाहिजे. मीठ रोपास ‘जाळतें’ असें म्हणण्याची रीत आहे; पण खरा प्रकार आमच्या वाचकभगिनींस दर वैशाखांत दिसत असतो. कैरीच्या फोडींस मीठ चोळून ठेवलें कीं त्यांस पाणी सुटतें. फोडीबाहेर मीठ अधिक, आंत कमी, म्हणून आंतील पाणी बाहेर ओढलें जातें. मातींतील ओलींत मीठ फार झालें म्हणजे मुळांची गत तीच होते. शेतांत घोटाभर पाणी उभें असतें, पण रोपाला त्यांतलें पाणी ओढून घेतां येत नाहीं. तें पाण्यांत उभें राहून तहानेनें वाळतें. हा पहिला आघात.

दुसरा आघात सावकाश येतो. मिठांतील सोडियम हें द्रव्य मुळांतून वर चढतें आणि पानांत सांचतें. वनस्पतीच्या पेशींस पोटॅशियम हवें असतें, आणि सोडियम हा त्या पोटॅशियमचा तोतया आहे. पानिपतानंतर कोंकणांत भाऊसाहेबांच्या तोतयानें जसा कांहीं काळ खऱ्याचा मान घेतला, तसें हें द्रव्य पोटॅशियमच्या दारांतून आंत शिरतें, पण पोटॅशियमचें काम त्याच्यानें होत नाहीं. प्रथम जुनीं पानें शेंड्याकडून पांढुरकीं होतात, मग वाळतात. नवीं पानें फुटण्याच्या वेगापेक्षां जुनीं मरण्याचा वेग वाढला कीं रोप गेलेंच.

जमीन किती खारी आहे हें सांगण्यासाठीं हल्लीं मातीच्या अर्काची वीजवाहकता मोजतात. पाण्यांत क्षार जितके अधिक तितकी त्यांतून वीज सुलभतेनें वाहते. या मापाचें एकक डेसिसायमेन प्रतिमीटर असें आहे, आणि आंकडा ४ च्या वर गेला कीं जमीन क्षारयुक्त मानण्याची वहिवाट आहे. समुद्राचें पाणी याच मापानें सुमारें ५० भरतें. भात ३ पर्यंत तक्रार करीत नाहीं. त्यापुढें दर एककास त्याचें उत्पन्न शेंकडा सुमारें १२ नें घटतें, म्हणजे ७ वर पोंचेपर्यंत पीक निम्मेंच उरतें. सातू ८ पर्यंत टिकाव धरतो. कपाशीहि जवळजवळ तितकीच काटक. घेवडा मात्र १ च्या पुढें लगेच घसरूं लागतो, आणि कांदा व गाजर हीं त्याचींच भावंडें. या हिशेबानें पाहिलें तर भात हें खाऱ्या जमिनीचें पीकच नव्हे; सातूच्या मानानें तें नाजूक आहे. मग खारांत भातच कां? कारण भातास पाण्यांत उभें राहतां येतें, आणि उभें गोडें पाणी हेंच मिठावरचें औषध आहे.

भाताची नाजुकताहि सर्वकाळ सारखी नसते. बी खाऱ्या ओलींत बऱ्यापैकीं रुजतें. पुढें दोन-तीन पानांवर आलेलें रोप अत्यंत हळवें असतें. फुटवे येण्याच्या काळांत तें पुन्हां धीट बनतें, आणि लोंबी धरण्याच्या व फुलोऱ्याच्या वेळीं दुसऱ्यांदा हळवें होतें. शैशव आणि गर्भावस्था या दोन वेळीं माणसासहि जपावें लागतें. भाताचें तसेंच आहे. कोंकणांतील खारकरी शेतकऱ्याचे सर्व नेम या दोन वेळा सांभाळण्यासाठीं आहेत.

वसई भागांत पावसाळ्यांत सुमारें दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. एका एकरावर हें पाणी मोजलें तर ऐशीं लाख लिटर होतें. एवढें गोडें पाणी फुकट घरपोंच येत असतां तें वाहून जाऊं देणें हा करंटेपणा होय. खारांतील शेतकरी मृगाचा पाऊस बांधांत अडवतो, जमीन भिजून मीठ पाण्यांत उतरलें कीं तें पाणी ओहोटीच्या वेळीं सोडून देतो, आणि पुन्हां अडवतो. असें दोन-तीन वेळां झालें म्हणजे वरच्या थरांतील मीठ धुऊन जातें. उरलेलें उभ्या पाण्याच्या दाबानें खालीं सरकतें. आम्हीं खाडीच्या बाजूस एका वृद्ध शेतकऱ्यास विचारलें, “दादा, जमीन गोडी झाली हें तुम्हांस कळतें कसें?” त्यांनीं वाकून ओंजळभर पाणी घेतलें, जिभेला लावलें आणि म्हणाले, “मीठ लागेनासें झालें कीं बी टाकायचें. दुसरें काय?” वीजवाहकता मोजण्याचें यंत्र आतां कांहीं हजार रुपयांत मिळतें व तें वापरावें असेंच आम्ही म्हणूं, पण या यंत्राच्या अभावीं कोणाचें शेत पडीक राहिलें नव्हतें हेंहि खरें.

पाऊस सरला कीं झोंबाझोंबीचा रंग पालटतो. समईच्या वातींतून तेल जसें वर चढतें तसें मातीच्या बारीक रंध्रांतून खालचें खारें पाणी उन्हाळ्यांत वर येतें. पाणी उडून जातें, मीठ मागें राहतें, आणि चैत्र-वैशाखांत शेतावर पांढरी पापडी धरते. म्हणून कापणीनंतर जमीन उघडी टाकूं नये. पेंढ्याचें आच्छादन घातलें किंवा वरची माती हलकेंच मोकळी केली तर वात तुटते व मीठ खालींच राहतें. पुष्कळ ठिकाणीं हें होत नाहीं, कारण पेंढा विकला जातो.

परंतु पावसानें चार महिने केलेलें काम एका उधाणानें एका रात्रींत बुडतें. म्हणून बांध. खाडीच्या बाजूचा मोठा मातीचा बांध, त्यास बाहेरकाठा म्हणतात, हा या शेतीचा प्राण आहे. त्यांत ठिकठिकाणीं उघाडी असते. उघाडीची रचना अशी सुरेख आहे कीं तिला पहारेकरी लागत नाहीं. दार बाहेरच्या अंगास उघडणारें; भरतीचें पाणी बाहेरून रेटूं लागलें कीं तें आपोआप मिटतें, आणि ओहोटीला आंतलें पाणी रेटूं लागलें कीं आपोआप उघडतें. समुद्राच्याच जोरानें समुद्राला बाहेर ठेवण्याची ही युक्ति आहे. मात्र दारांत एखादें लांकूड अडकलें, किंवा खेकड्यांनीं बांध पोखरला, तर वेळींच पाहणारा माणूस हवा. बांधाला खांड पडली आणि ती दोन भरत्यांत भरली गेली नाहीं तर पुढें ती भरणें दसपट कठीण जातें.

हें पाहणें कोणाकडे? जुन्या काळीं पेण-नागोठण्याकडे ‘शिलोत्री’ नांवाची वहिवाट होती. समुद्रांतून जमीन काढून बांध घालणाऱ्या शिलोत्रीदाराकडे त्या जमिनीचा हक्क कायम राही, आणि बाहेरचा बांध राखण्याची जबाबदारीहि त्याच्याच शिरावर असे. हक्क आणि फावडें एकाच हातीं होतें म्हणा ना. पुढें जमिनींचे तुकडे पडले, मालक शहरांत राहूं लागले, बांधाच्या डागडुजीस एकत्र येईनासे झाले. सन १९४८ मध्यें मुंबई सरकारनें खारजमिनींचा कायदा केला. १९७९ मध्यें महाराष्ट्रानें नवा खारजमीन विकास कायदा केला, आणि मोठे बांध सरकारच्या खात्याकडे आले. खात्यानें पुष्कळ योजना पुऱ्या केल्या. पण खात्याचा मनुष्य अमावास्येच्या रात्रीं कंदील घेऊन बांधावर जात नाहीं, आणि शेतकरी म्हणतो, बांध तर सरकारचा. या दोन वाक्यांच्या मधल्या फटींतून जें पाणी शिरलें त्यानें कोंकणांतील किती शेतें खाल्लीं असतील!

आतां बियाण्याकडे वळूं. सन १८८२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत खाऱ्या भातशेतीची वेगळी नोंद आहे. गोड्या शेतांत राब भाजणें, नांगरणें, आवण काढून लावणी करणें हे सर्व सोपस्कार; खाऱ्या शेतांत नांगर नाहीं, खत नाहीं, लावणीहि बहुधा नाहीं. जमीन पावसानें पुरती भिजली म्हणजे रुजवलेलें बी उभ्या पाण्यांत फेंकीत. बी एक दिवस भिजवून मग दडपून ठेवून त्यास कोंब आणण्याच्या या रीतीस कोंकणांत ‘रहू’ म्हणतात. हें आळशी माणसाचें काम नव्हे. नांगर फिरवला असता तर खालचें मीठ वर आलें असतें. आणि रुजून आलेल्या बियास पहिले नाजूक दिवस वरच्या धुतलेल्या थरांतच काढावयास मिळतात.

या शेतांत येणारें भात तांबडें. त्यास ‘राता’ म्हणत, आणि काळा राता, भुरा राता असे त्याचे प्रकार होते. शहरांतील पाहुण्यास पांढरा कोलम वाढून घरच्या माणसांनीं राता खावा अशी रीत असल्यामुळें या तांदळाला उगाच हलकेपणा आला. वास्तविक तांबड्या कोंड्यासह कांडलेल्या तांदळांत ‘ब’ जीवनसत्त्वाचा अंश पॉलिश केलेल्यापेक्षां अधिक राहतो, आणि आजाऱ्यास त्याची पेज देणाऱ्या आपल्या आज्या चुकत नव्हत्या. आतां तोच तांबडा तांदूळ सुबक पिशवींत घालून तिप्पट किंमतीस विकतात, व आपण तो कौतुकानें घेतों.

कृषिखात्यानें या राताच्या असंख्य वाणांतून निवड करून ‘काळा राता १-२४’ आणि ‘भुरा राता ४-१०’ असे दोन शुद्ध वाण काढले. हे वाण मीठ सोसणारे, पण उंच वाढून लोळणारे व उत्पन्नास बेताचे. पुढें पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्रांत भुरा राता ४-१० आणि फिलिपाइन्समधून १९६६ सालीं प्रसृत झालेला ठेंगणा आय.आर. ८ यांचा संकर करून ‘पनवेल १’ व ‘पनवेल २’ हे वाण सिद्ध झाले. त्यामागून ‘पनवेल ३’ आला. हें केंद्र १९७२ मध्यें दापोलीस स्थापन झालेल्या कोंकण कृषि विद्यापीठाकडे आहे. म्हणजे परदेशांतून गाजावाजा करीत आलेल्या आय.आर. ८ ला खाऱ्या जमिनींत पाय रोवण्यासाठीं कोंकणांतील एका नांवगांव नसलेल्या कुळंब्याच्या शेतांतल्या भाताची सोयरीक करावी लागली.

अशीं भातें इतर किनाऱ्यांवरहि आहेत. गोमंतकांत खाजणांतील ‘कोरगुट’, केरळांत ‘पोक्काळी’, बंगालच्या सुंदरबनांत ‘नोना बोकरा’ व ‘दामोदर’. पोक्काळीच्या शेतांत पावसाळ्यांत भात आणि पुढें खाऱ्या पाण्यांत कोळंबी अशी पाळी असते. आपल्याकडेहि पेण-अलिबागेच्या खारांत तळीं राखून जिताडा नांवाचा मासा वाढवितात. शाकाहारी वाचकांनीं हें वाक्य ओलांडून पुढें जावें. पण खारकरी शेतकऱ्यास भातापेक्षां या माशानेंच पुष्कळदां तारलें आहे.

हीं भातें मीठ सोसतात तरी कशीं? यांचें मूळ प्रथम मीठ आंत घेण्यासच कुरकुर करतें. आंत आलेलें मीठ जुन्या पानांत कोंडून नवीं पानें व लोंबी यांचा बचाव केला जातो. आणि पेशींतहि तें एका कोपऱ्यांतील कोठींत बंद होतें. सन २००५ मध्यें शास्त्रज्ञांनीं नोना बोकरामधील एक जनुक हुडकून काढलें. त्या जनुकाच्या आज्ञेनें तयार होणारें प्रथिन मुळाकडून वर जाणाऱ्या रसांतून सोडियम वाटेंतच काढून घेतें, म्हणजे पानापर्यंत तें पोंचूं देत नाहीं. पोक्काळींतील ज्या गुणामुळें तें भात मीठ सोसतें त्याची जागाहि याच गुणसूत्रावर आढळली असून, ती खूण धरून नव्या वाणांत तो गुण उतरविण्याचे प्रयत्न भारतांत व बाहेर झाले आहेत. तिवराची तऱ्हा निराळीच: तें मीठ आंत घेतें आणि पानांवाटे बाहेर टाकतें. कोरड्या दिवसांत तिवराचें पान जिभेस लावून पाहिलें तर तें खारट लागतें. तिवराचें जनुक भातांत घालण्याचे प्रयोग चेन्नईस झाले. त्यांतून शेतकऱ्याच्या हातीं अद्याप वाण आलेला नाहीं.

बियाणें गमावलें तर काय होतें याचा दाखला सुंदरबनानें दिला. २५ मे २००९ रोजीं आयला नांवाचें वादळ तेथें आदळलें, बांध फुटले आणि शेतांत समुद्र शिरला. पुढच्या हंगामांत अधिक उत्पन्नाचे नवे वाण त्या मिठांत उभे राहिनात. तेव्हां लोकांस जुन्या नोना भातांची आठवण झाली. पण बहुतेक घरीं तें बी शिल्लकच नव्हतें, आणि गांवोगांव फिरून तें गोळा करण्याची वेळ आली. कोंकणच्या दमट हवेंत भाताचें बी घरांत वर्षभर चांगलें राहतें. दोन पावसाळे काढले तर त्याची खात्री नाहीं. म्हणजे एखादा वाण लागोपाठ दोन-तीन वर्षें कोणीच पेरला नाहीं तर तो त्या गांवापुरता मेला. दिल्लीच्या व फिलिपाइन्सच्या बीजपेढ्यांत शीतगृहांमध्यें हजारों वाण सुरक्षित आहेत हें खरें, पण पेढींतील बी आणि वालीवच्या शेतांतील बी यांत लायब्ररींतील पाककृतीचें पुस्तक व घरची स्वयंपाकीण यांच्याइतकें अंतर आहे.

येथें एका गैरसमजाकडे लक्ष वेधणें अवश्य आहे, कारण देशावरील आमचे वाचकहि ‘आमची जमीन खारवली’ असें लिहितात आणि कोंकणचा उपाय तिकडे करूं पाहतात. देशावरचें मीठ समुद्राचें नव्हे. तें कालव्याचें आहे. नीरेचा डावा कालवा १८८५ सालीं सुरू झाला, उसास पाणी सढळ मिळूं लागलें, आणि वीस-पंचवीस वर्षांतच तेथील उत्तम काळी जमीन नासूं लागली. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरोल्ड मान आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हणे यांनीं १९१० मध्यें नीरा खोऱ्यांतील क्षारयुक्त जमिनींवर निबंध प्रसिद्ध केला. फाजील पाण्यानें जमिनींतील पाण्याची पातळी वर येते व तिच्याबरोबर क्षार वर येतात, हा त्याचा इत्यर्थ. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं छापलेलें हें ज्ञान सांगली-कोल्हापूरच्या ऊसवाल्यांनीं वेळीं मनावर घेतलें असतें तर कृष्णाकांठच्या हजारों एकरांवर पांढरी पापडी चढली नसती. तेथें उपाय दोन: पाणी कमी देणें आणि निचरा. शिरोळ तालुक्यांत जमिनीखालीं सच्छिद्र नळ्या घालून पडीक शेतें पुन्हां लागवडीस आणलीं आहेत. ज्या जमिनींत सोडियम मातीच्या कणांस चिकटून ती चोपण झाली आहे, तेथें जिप्सम घालावें लागतें. त्यांतील चुना सोडियमला हुसकून लावतो. कोंकणच्या खारांत मात्र बहुधा जिप्समचें काम पडत नाहीं, तेथें पावसाचें पाणीच पुरतें. माती तपासल्यावांचून जिप्समचीं पोतीं आणणें म्हणजे नाडी न पाहतां मात्रा देणें. चोपण जमिनीसाठीं कर्नाल येथील संस्थेनें, जी १९६९ मध्यें स्थापन झाली, १९८९ सालीं ‘सी.एस.आर. १०’ हा ठेंगणा भातवाण दिला. पण तोहि निचऱ्याशिवाय चमत्कार करूं शकत नाहीं.

पुन्हां वसईकडे येऊं. येथील खारजमिनीपुढें आज दोन संकटें उभीं आहेत, आणि दोन्हींचा बियाण्याशीं संबंध नाहीं. बांध फुटून राहिला कीं तीन-चार वर्षांत आंत तिवरें उगवतात. मुंबई उच्च न्यायालयानें २००५ मध्यें तिवरें तोडण्यास मनाई केली आणि २०१८ च्या निकालानें ती कायम झाली. या निकालाचें आम्ही स्वागतच करतों, कारण बांधाबाहेरचें तिवर हाच बांधाचा पहिला रक्षक आहे. लाटेचा जोर तें अंगावर घेतें, आणि तें तोडलें तर बाहेरकाठा उघडा पडतो. पण बांधाच्या आंत, सात-बारावर भात लिहिलेल्या शेतांत तिवर वाढलें कीं शेतकऱ्याचे हात बांधले जातात; तें तोडतां येत नाहीं व भात पेरतां येत नाहीं. वेळींच मूठभर माती न टाकल्याचा दंड त्याला सबंध शेत देऊन भरावा लागतो. पेण, अलिबाग, पालघर, सगळीकडे हें गाऱ्हाणें ऐकूं येतें. दुसरें संकट भरावाचें. शेत एकदां पडीक झालें कीं तें ‘निरुपयोगी’ ठरतें, आणि निरुपयोगी जमिनीवर माती येऊन पडण्यास उशीर लागत नाहीं. जुलै २०१८ च्या अतिवृष्टींत वसईच्या मिठागरांवर शेंकडों माणसें पाण्यानें वेढलीं गेलीं, हें वाचकांस आठवत असेल. सखल खार म्हणजे पावसाचें पाणी चार दिवस ठेवण्याची जागा. ती भरली कीं तें पाणी कोणाच्या तरी ओटीवर येणारच.

आमच्या बहुतेक वाचकांजवळ आतां खार नाहीं; विहीर किंवा बागेचा तुकडा, निदान गॅलरींत चार कुंड्या आहेत. मिठाचा उपद्रव तेथेंहि आहे. वसईच्या पश्चिम भागांतील बागायत बावखलें व विहिरी यांवर जगत आली. विहिरींतून टँकर भरभरून पाणी उपसलें गेल्यावर खालून समुद्राचें पाणी सरकूं लागलें, आणि केळीच्या कडा करपूं लागल्या. गोडें पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतें. वरचें फार काढलें कीं खालचें वर येतें, इतकी साधी गोष्ट आहे. ज्यांच्या घराचें पाणी पागोळ्यांवाटे गटारांत जातें त्यांनीं तें गाळून विहिरींत सोडावें. बावखल बुजवूं देऊं नये.

उन्हाळ्यांत पाणी मचूळ लागूं लागलें तर रोज घोटघोट शिंपडण्यापेक्षां दोन दिवसांनीं भरपूर द्यावें, म्हणजे मीठ मुळांखालीं उतरेल. पानांवर तें पाणी मारूं नये. कुंडीच्या बुडाचें छिद्र मोकळें असावें. माडास मचूळ पाण्याची फारशी पर्वा नसते. कोंकणांत माडाच्या खड्ड्यांत मीठ घालण्याची चाल आहे ती निरर्थक नाहीं, कारण मिठांतील क्लोराइड माडास मानवतें. चिकूहि बरेंच सोसतो. आंबा सोसत नाहीं. भाज्यांत बीट काटक, पालक बरा, घेवडा, कांदा, गाजर यांच्या वाटेस उन्हाळ्यांत जाऊं नये. आणि एक गोष्ट आमच्या मैत्रिणींपैकीं अनेकींच्या घरीं होत असलेली आम्हीं पाहिली आहे: पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रांतून जें टाकाऊ पाणी निघतें तें काटकसर म्हणून तुळशीला घालतात. शुद्ध पाण्यांतून काढलेले सर्व क्षार त्या टाकाऊ पाण्यांत एकवटलेले असतात. त्यानें फरशी पुसावी, संडास धुवावा. तुळशीस तें घालूं नये. कडक पाणी मऊ करणाऱ्या यंत्राचें पाणी तर त्याहून वाईट, कारण तें यंत्र चुना काढून त्याजागीं सोडियमच घालतें.

ज्यांचे खारांत अजून चार गुंठे आहेत, किंवा ज्यांचे कसणाऱ्या कुटुंबाशीं जुने लागेबांधे टिकून आहेत, त्यांनीं यंदा एक काम करावें. कापणीच्या वेळीं जेथें रोपें सर्वांत खाऱ्या कोपऱ्यांत उभीं राहून भरलीं असतील तेथल्या लोंब्या वेगळ्या काढाव्या, त्यांत भेसळीच्या लोंब्या येऊं देऊं नयेत, उन्हांत तीन-चार दिवस वाळवून त्या कोरड्या, झांकणाच्या डब्यांत कडुलिंबाच्या पाल्यासह ठेवाव्या, आणि डब्यावर वाणाचें नांव, गांव व साल लिहावें. असें जपलेलें बी राखण्याचा, पेरण्याचा व शेजाऱ्यास देण्याचा हक्क शेतकऱ्यास २००१ च्या कायद्यानें दिलेला आहे. गांवांतील जुना वाण शेतकऱ्यांच्या नांवें नोंदवितांहि येतो. ज्यांच्याजवळ घरचें बी नाहीं त्यांनीं पावसाच्या आधीं पनवेलच्या केंद्राकडे किंवा तालुक्याच्या कृषि कार्यालयाकडे चौकशी करावी. रोपें लावावयाचीं असल्यास खारांत कोवळीं लावूं नयेत. महिनाभराचीं, जून झालेलीं घ्यावीं, आणि प्रत्येक चुडांत नेहमींपेक्षां एक-दोन काड्या जास्त धराव्या, म्हणजे कांहीं मेल्या तरी जागा रिकामी पडत नाहीं.

पेरणीपूर्वीं बी निवडण्याचें काम घरच्या घरीं होतें. दहा लिटर पाण्यांत तीनशें ग्रॅम मीठ विरघळवून त्यांत बी ओतावें. पोंचट दाणे वर तरंगतात, ते काढून टाकावे. बुडालेले भरीव दाणे लगेच उपसून स्वच्छ गोड्या पाण्यानें दोन-तीन वेळां धुवावे आणि सावलींत वाळवून रहूसाठीं भिजत घालावे.